स्टोरीटाईमला लेक बसतच नाही, मग जाणं सोडू का?

पत्र:

"नमस्कार ताई. दीड वर्षापूर्वी आम्ही पुण्याहून शिकागोजवळच्या एका सबर्बमधे आलो. मुलगा अडीच वर्षांचा आहे. नवऱ्याचं ऑफिस, मी डिपेंडंट व्हिसावर, त्यामुळे दिवसभर मी आणि तो. शेजारणीने सांगितलं म्हणून त्याला लायब्ररीतल्या टॉडलर स्टोरीटाईमला, म्हणजे छोट्या मुलांच्या गोष्टी-गाण्यांच्या कार्यक्रमाला, न्यायला लागले. बाकीची मुलं आयांच्या मांडीवर बसतात, गाण्यांवर हात हलवतात. आमचे चिरंजीव दोन मिनिटांत उठून दारापाशी, नाहीतर गोष्ट सांगणाऱ्या बाईंच्या पपेटच्या पिशवीत हात. मी त्याच्या मागे मागे. एकदा एका आईने असं काही बघितलं की घरी येऊन मला रडूच आलं. त्याला इंग्लिश कळत नाही म्हणून असं होत असेल का? घरी आम्ही मराठीच बोलतो, तोही बोलतो, 'बाबा गाडी गेली', 'भात नको मला' असं. आता घरी इंग्लिश सुरू करू का, म्हणजे प्रीस्कूलला त्रास होणार नाही? सासूबाई रत्नागिरीहून सहा महिन्यांसाठी आल्यात, त्या म्हणतात वाचनालयात कसलं खेळायला नेतेस, घरी खेळू दे की. सध्या जाणं बंदच केलंय. आणि अजून एक, त्याने लायब्ररीच्या पुस्तकाचं पान फाडलंय, ते परत द्यायचीच लाज वाटतेय."

उत्तर:

अगं, जाणं सोडू नकोस. आधी उत्तर देऊन टाकते, कारणं नंतर. मी बरीच वर्षं इथल्याच एका पब्लिक लायब्ररीत मुलांच्या विभागात काम करतेय, म्हणजे पपेटची पिशवी घेऊन समोर बसणारी जी बाई असते ना, ती मी. त्यामुळे समोरून काय दिसतं ते तुला नीट सांगू शकते.

समोरून असं दिसतं: पंधरा-वीस मुलं, त्यातली काही आईला चिकटलेली (त्यातलीही एखाद-दोन बसलीयत कारण ती बुजलीयत, गोष्ट आवडली म्हणून नाही), काही उभी, एक जण माझ्या पुस्तकाला नाक लावून, एक जण बुटाचा वेल्क्रो उघडतोय आणि लावतोय, उघडतोय आणि लावतोय, एक दाराच्या काचेतून बाहेरची फिश टँक बघतोय आणि कुणीतरी एक खोलीला गोल गोल चकरा मारतंय. दर आठवड्याला. मुलं बदलतात, चकरा मारणारं कुणीतरी असतंच. टॉडलर स्टोरीटाईम हा असाच असतो आणि तो तसा असणार हे धरूनच आम्ही तो आखतो. वीस-पंचवीस मिनिटांत पुस्तकं फक्त दोन किंवा तीन, तीही छोटीशी, आणि प्रत्येकाच्या मधे उठून नाचायचं गाणं, अंड्यासारखे ते शेकर, रंगीत रुमाल, फ्लॅनल बोर्डावर चिकटवायची चित्रं, शेवटी साबणाचे फुगे. या वयाची मुलं शांत बसून ऐकतील अशी आमची अपेक्षा असती तर एवढा उद्योग केलाच नसता, सरळ पाच पुस्तकं वाचून मोकळ्या झालो असतो.

आणि दारापाशी उभं असलेलं मूल ऐकत नाही असं तुला कुणी सांगितलं? एक मुलगी यायची आमच्याकडे, साधारण याच वयाची, कधी म्हणून माझ्याकडे बघायची नाही, पाठ करून खिडकीतल्या स्टूलवर काहीतरी मांडत बसायची. तिची आईपण अशीच कानकोंडी होऊन बसलेली असायची. मग एक दिवस तिच्या आईने मला फोनवरचा व्हिडिओ दाखवला, घरी सोफ्यावर ओळीने टेडी बसवलेत आणि ही बाई समोर पुस्तक उलटं धरून आमचं सुरुवातीचं हॅलो गाणं म्हणतेय, मी जिथे थांबते तिथे थांबतेय, प्रत्येक टेडीचं नाव घेतेय. सगळं ऐकलेलं होतं तिने. या वयात शरीर हलत असताना कान चालूच असतात, उलट काही मुलांना हलल्याशिवाय ऐकताच येत नाही.

तुझ्या मुलाचं तर मला छानच वाटतंय, त्याला पपेटच्या पिशवीत काय आहे ते बघायचंय, म्हणजे त्याला पुढे काय येणार याची उत्सुकता आहे. पुढच्या वेळी दहा मिनिटं आधी जा आणि त्या बाईंना सरळ सांग की याला पिशवीत फार रस आहे, याच्याकडे काही काम देता येईल का. शेकर वाटायचं, रुमाल गोळा करून टोपलीत टाकायचं, असं काहीही. मी शपथेवर सांगते, आम्हाला अशी मुलं हवीच असतात. बसताना कडेला बस, अगदी मधे नको, म्हणजे उठून बाहेर जायला सोपं पडतं. आणि बाहेर जाणं पूर्णपणे चालतं हां. तो फारच चुळबुळ करायला लागला की घेऊन बाहेर ये, पाणी पाज, फिश टँक बघा, आणि वाटलं तर परत आत जा. मधेच उठून गेलेल्या आईला कुणी उद्धट समजत नाही. त्या एका आईच्या नजरेचं म्हणशील तर तिच्या मनात काय होतं ते तिलाच ठाऊक, तू तिच्यासाठी जात नाहीस.

फक्त एक कर, गेलीस की सलग जा. पुष्कळ लायब्रऱ्यांत काही आठवड्यांचं एक सेशन असतं, वार तोच, वेळ तीच, आणि सुरुवातीचं आणि निरोपाचं गाणं मुद्दाम तेच ठेवलेलं असतं, कारण लहान मुलांना पुढे काय होणार हे माहीत असलं की त्यांचा जीव शांत होतो. दोनदा जाऊन एकदा खाडा केला की त्याच्यासाठी दर वेळी नवीनच जागा. त्याच्या झोपेच्या वेळेत येणारं सेशन तर घेऊच नकोस, सकाळचं घे. तुमच्या लायब्ररीत आधी नाव नोंदवायचं आहे की ड्रॉप-इन आहे तेवढं डेस्कवर विचार. आणि गर्दी, आवाज त्याला फारच होत असेल तर सेन्सरी स्टोरीटाईम आहे का तेही विचार, तो मुळात ऑटिझम असलेल्या किंवा आवाज-उजेडाचा जास्त त्रास होणाऱ्या मुलांना डोळ्यापुढे ठेवून सुरू झालेला प्रकार आहे, ग्रुप छोटा असतो, पुढे काय होणार त्याची चित्रं लावलेली असतात, आणि पुष्कळ ठिकाणी तो सगळ्यांनाच खुला असतो.

आता जे मला खरं सांगायचंय ते. तू समजतेयस की हा कार्यक्रम मुलासाठी आहे आणि तुझा मुलगा त्यात मागे पडतोय. हा कार्यक्रम निम्मा तुझ्यासाठी आहे. अमेरिकन लायब्ररी असोसिएशनच्या दोन विभागांनी, पब्लिक लायब्ररीवाल्यांनी आणि मुलांच्या लायब्ररीवाल्यांनी मिळून २००४ साली एव्हरी चाइल्ड रेडी टू रीड नावाचा उपक्रम काढला, २०११ मधे त्याची दुसरी आवृत्ती आली, आणि इथल्या बहुतेक स्टोरीटाईमच्या मागे आज तोच विचार असतो. आणि तो उपक्रम पालकांना शिकवायचा आहे, मुलांना नाही! कारण साधं आहे, लायब्ररीवाली बाई तुझ्या मुलाला आठवड्यातून पंचवीस मिनिटं भेटते, बाकी सगळा वेळ त्याच्याजवळ तू आहेस. त्यांनी पाच गोष्टी काढल्या, मुलाशी बोलणं, गाणं, वाचणं, लिहिणं आणि खेळणं, बस. पुढच्या वेळी नीट लक्ष दे, ती बाई वाचता वाचता मधेच मान वर करून मोठ्यांकडे बघत एखादं वाक्य बोलते, की असं बोटाने शब्द दाखवले की मुलांना कळतं आपण चित्र नाही अक्षरं वाचतोय, किंवा गाण्यात शब्द तुटतात म्हणून आवाज वेगवेगळे ऐकू येतात. ते वाक्य तुझ्यासाठी असतं. मुलगा दारापाशी उभा असला तरी ते वाक्य तुला मिळालंय, आणि तू ते घरी नेऊन वापरू शकतेस.

वापरायचं कोणत्या भाषेत? मराठीत! इथे मी अगदी ठाम आहे. घरी इंग्लिश सुरू करू नकोस. म्हणजे इंग्लिश वाईट असं नाही, ते त्याला येणारच आहे, लायब्ररीत, पार्कात, प्रीस्कूलमधे, शेजाऱ्यांकडून चारी बाजूंनी येणार आहे, तू प्रयत्न केलास काय नि नाही केलास काय. पण मराठी फक्त तुम्ही देणार. आणि आम्ही लायब्ररीत पालकांना हेच सांगतो की जी भाषा तुम्हाला सगळ्यात मोकळेपणी येते त्या भाषेत बोला, कारण त्याच भाषेत तुम्ही जास्त बोलता, बारकाईने बोलता, गंमत करता, रागावता, समजावता. विचार करून बघ, तू त्याला इंग्लिशमधे काय सांगशील, कम हिअर, सिट डाऊन, गुड जॉब. आणि मराठीत? "अरे थांब थांब, ती कढई तापलीय, बघ कशी वाफ येतेय, हात भाजेल, लांबूनच बघ हं." हे एक वाक्य मुलाला किती काय देतं! २०१८ साली एमआयटीच्या संशोधकांनी ४ ते ६ वर्षांच्या मुलांच्या घरातलं बोलणं रेकॉर्ड करून तपासलं होतं, त्यात असं दिसलं की मुलाच्या कानावर एकूण किती शब्द पडले यापेक्षा मूल आणि मोठं माणूस यांच्यात बोलणं किती वेळा इकडून तिकडे आणि तिकडून इकडे गेलं, याचा मेंदूतल्या भाषेच्या भागाशी जास्त संबंध आहे. असं इकडून तिकडे बोलणं तुझं मराठीतच होणार ना? दोन भाषांमुळे मूल बोलायला मागे पडतं हा समज अजूनही पुष्कळ जण धरून आहेत, मधेच कुणीतरी मैत्रीण किंवा पार्कातली आजी तुला ऐकवेलही, पण दोन भाषा ऐकल्याने भाषेचा दोष निर्माण होत नाही हे संशोधनातून पुन्हा पुन्हा दिसलंय. आणि एका भाषेत शब्दांचे आवाज ओळखायला, गोष्टीचा धागा पकडायला शिकलेलं मूल ते सगळं दुसऱ्या भाषेत सोबत घेऊन जातं.

मग लायब्ररीतली इंग्लिश पुस्तकं घरी आणून काय करायचं? मराठीत वाचायचं. हो, खुशाल. चित्रं बघून आपल्या शब्दांत सांगायचं, छापलेलं वाचलंच पाहिजे असा कायदा नाही. समज एका पानावर कुत्रा चिखलात लोळतोय. तू बोट ठेवून विचार, "हा काय करतोय रे?" तो म्हणेल "भूभू". तू म्हण, "हो, भूभू चिखलात लोळतोय, बघ कसा माखलाय." थोडं थांब. खरंच थांब, मनात पाच म्हणेपर्यंत, कारण या वयाच्या मुलांना उत्तर जुळवायला आपल्यापेक्षा जास्त वेळ लागतो आणि आपण घाईघाईत पुढचं पान उलटतो. मग विचार, "आता आई काय करेल त्याला?" तो म्हणेल "आंघोळ!" की तू म्हणायचं, "आंघोळ घालेल, गरम गरम पाण्याने आंघोळ घालेल." बघ, तू विचारलंस, तो बोलला, त्याचंच बोललेलं तू दोन शब्दांनी वाढवून त्याला परत दिलंस. याला डायलॉजिक रीडिंग म्हणतात, ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट नावाचे मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ साली यावर अभ्यास छापला, दोन-अडीच वर्षांच्या आसपासच्या मुलांच्या पालकांना असं वाचायला शिकवलं आणि महिनाभरातच ती मुलं नुसतं वाचून दाखवलेल्या मुलांपेक्षा बोलण्यात पुढे गेलेली दिसली. एकाच पानावर पाच मिनिटं गेली आणि पुस्तक संपलंच नाही तरी चालतं. शेवटच्या पानावरून पहिल्याकडे गेला तरी चालतं. तेच पुस्तक सतराव्यांदा मागितलं तर द्यायचं, कारण दर वेळी त्याला त्यात नवीन काहीतरी सापडतंय.

गाण्यांचं तर मराठीत काय सांगायचं, आपल्याकडे बडबडगीतांची खाण आहे, पावसाची, चांदोबाची, आजोळची, जेवताना भरवायची, बोटं मोजायची. आणि ती सासूबाईंना तुझ्यापेक्षा जास्त येत असतील हे मी न विचारता सांगते. त्यांना म्हण, रोज एक गाणं, आणि म्हणताना टाळ्या. काव-ळा, दोन टाळ्या. चिम-णी, दोन टाळ्या. मां-जर, दोन. आ-जी, दोन. मुलांना हा नुसता खेळ वाटतो पण शब्द तुकड्यातुकड्यांनी बनतो हे त्यांना असंच कळतं, आणि पुढे वाचायला लागल्यावर, मराठी काय नि इंग्लिश काय, हेच कामी येतं.

आता सासूबाईंच्या प्रश्नाकडे येते, कारण तो प्रश्न अगदी रास्त आहे. रत्नागिरीच्या माणसाला वाचनालय म्हणजे काय हे आपण सांगायला नको, तिथलं नगर वाचनालय १८२८ सालचं आहे. पण त्यांच्या डोळ्यासमोर जे वाचनालय आहे ते मोठ्यांचं, तिथे वर्तमानपत्रं, कपाटं, शांतता. तिथे खेळणी कशाला, असं त्यांना वाटणारच. त्यांना एक दिवस सोबत घेऊन जा, स्टोरीटाईम संपल्यानंतरच्या वेळेला. तेव्हा पुष्कळ ठिकाणी खेळणी मांडून ठेवतात आणि मुलांना अर्धा तास मोकळं सोडतात, ठोकळे, लाकडाचा छोटा स्वयंपाकाचा ओटा, कपबशा, फोन, बाहुल्या. त्यांना म्हणावं, बघा, ही भातुकलीच आहे. त्या लगेच ओळखतील, आणि बहुतेक खाली बसून चहापण करतील.

आणि भातुकलीत काय चाललेलं असतं ते बघ. मूल ठोकळा कानाला लावून "हॅलो आजी" म्हणतं, म्हणजे ठोकळा हा ठोकळा असूनही फोन आहे हे त्याने मान्य केलं. एक वस्तू दुसऱ्या वस्तूच्या जागी उभी राहू शकते. अक्षर म्हणजे तरी दुसरं काय, कागदावरची रेघ एका आवाजाच्या जागी उभी असते. ज्याला रिकाम्या कपातून चहा पिता येतो त्याला पुढे "क" हा क आहे हे मान्य करायला जड जात नाही. शिवाय खेळताना गोष्ट रचली जाते, आधी भाजी आणायची, मग चिरायची, मग शिजवायची, मग पाहुणे येणार. म्हणून लायब्ररीत खेळणी असतात, पोरांना गुंतवून ठेवायला नाही. न्यूयॉर्कच्या लाँग आयलंडवर सेंटरीच गावात मिडल कंट्री पब्लिक लायब्ररी आहे, तिथल्या लोकांनी हे फार आधी ओळखलं, आई-बाबा आणि लहान मुलं जमिनीवर बसून खेळतात आणि दर आठवड्याला कुणीतरी एक जाणकार, कधी बोलण्या-ऐकण्यातला, कधी आहारातला, तिथेच पालकांमधे बसून गप्पा मारतो. १९९६ पासून तिथून अशा लायब्रऱ्यांचं फॅमिली प्लेस नावाचं जाळं देशभर पसरलं. तुमच्या जवळ फॅमिली प्लेस लायब्ररी असेल तर तिथे नाव घालच, तुझ्यासारख्या दिवसभर एकटी असणाऱ्या आईसाठी तर फारच. बोलणाऱ्या चार बाया भेटतात, ते काय कमी आहे का.

घरी खेळू दे हेही सासूबाईंचं बरोबरच आहे, लायब्ररी आणि घर यात भांडण नाही. त्या पोळ्या करत असतील तेव्हा त्याला कणकेचा गोळा द्या. दाबणं, लांबवणं, चिमटे काढणं, बारीक बारीक गोळ्या करणं, हे सगळं बोटांत ताकद आणतं आणि पेन्सिल धरायला तीच लागते. ताटात थोडा रवा पसरून बोटाने रेघा ओढू दे. अडीच वर्षांच्या मुलासाठी लिहिणं म्हणजे एवढंच, आत्ताच अ आ इ ई गिरवायला बसवू नका, एबीसीडीही नको. कागदावर गिरगटलं आणि म्हणाला ही आजी, तर खाली त्याच्यासमोर "आजी" लिहून दाखवा, त्याला केवढा आनंद होतो बघ.

तुमच्याकडे १००० बुक्स बिफोर किंडरगार्टन, म्हणजे शाळेत जायच्या आधी हजार पुस्तकं वाचायचा उपक्रम, चालू आहे का बघ, पुष्कळ लायब्रऱ्यांत असतो आणि फुकट असतो. हजार म्हटल्यावर दडपण येतं पण रोज एक धरलं तरी तीन वर्षांत होतात, तेच पुस्तक परत वाचलं तरी मोजायचं असतं, स्टोरीटाईमला ऐकलेलंही मोजायचं, आणि मराठीतलं तर मोजायचंच! मराठी पुस्तकं कुठून आणायची म्हणशील तर प्रथम बुक्सची स्टोरीवीव्हर ही वेबसाईट आहे, २०१५ पासून, तिथे भरपूर मराठी चित्रगोष्टी फुकट आहेत, प्रिंट काढून स्टेपल केलं की झालं पुस्तक. मुलाच्या हातात फोन देऊन नको, तू बघून सांग किंवा प्रिंट काढ. पुण्याच्या ज्योत्स्ना प्रकाशनाची छोट्या मुलांची सुंदर पुस्तकं आहेत, सासऱ्यांना किंवा कुणी येणाऱ्याला बॅगेत टाकायला सांग. आणि लायब्ररीलाच सांग की आम्हाला मराठी पुस्तकं हवीत, बहुतेक लायब्रऱ्यांकडे खरेदी सुचवायचा फॉर्म असतो. आपले लोक हा फॉर्म भरतच नाहीत गं, मग शेल्फवर बाकीच्या भाषा दिसतात आणि मराठी दिसत नाही, आणि आपण घरी येऊन हळहळतो. दहा घरांनी फॉर्म भरला तर आम्हाला खरेदी करायला कारण मिळतं. इलिनॉयमधे शेजारच्या गावच्या लायब्ररीतही तुमचं कार्ड बहुतेक चालतं, तिकडेही बघ. डॉली पार्टन यांनी १९९५ साली टेनेसीमधे सुरू केलेली इमॅजिनेशन लायब्ररीही आहे, जन्मापासून पाच वर्षांपर्यंत दर महिन्याला एक पुस्तक पोस्टाने घरी, फुकट. तुमच्या झिपकोडला आहे का ते त्यांच्या साईटवर लगेच कळतं.

बोलण्याबद्दल तू काळजी व्यक्त केली नाहीस, पण इतर वाचणाऱ्या आयांसाठी लिहून ठेवते. तुझा मुलगा तीन-तीन शब्द जोडतोय, क्रियापद वापरतोय, छान चाललंय. सीडीसी या अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संस्थेच्या यादीत अडीच वर्षांला साधारण ५० शब्द आणि दोन शब्द जोडून बोलणं असं दिलंय, आणि शब्द मोजताना सगळ्या भाषांचे मिळून मोजायचे, "पाणी" पण एक आणि "बॉल" पण एक. एखादं मूल याच्या बरंच मागे असेल, हाकेला वळत नसेल, येत असलेले शब्द बंद झाले असतील, तर "मुलगे उशिराच बोलतात" म्हणत थांबू नका. अमेरिकेत तीन वर्षांच्या आतल्या मुलांसाठी अर्ली इंटरव्हेन्शन नावाची सरकारी सोय असते, वाढीत मागे असलेल्या मुलांना लवकर मदत द्यायची, तपासणी फुकट, डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही, आईने फोन केला तरी चालतो, आणि शक्य असेल तिथे तपासणी मुलाच्या घरच्या भाषेत करायची असते, तसं मागा. तीन वर्षांनंतर हेच काम स्कूल डिस्ट्रिक्टकडे जातं.

अजून एक मनात आलं ते सांगूनच टाकते. तू थोडी रुळलीस की लायब्ररीत मराठी स्टोरीटाईमचं विचार. खूप लायब्रऱ्या दुसऱ्या भाषांतले स्टोरीटाईम व्हॉलंटियर्सच्या मदतीने करतात, जागा त्यांची, पोस्टर त्यांचं, शेकरही त्यांचेच, तुम्ही फक्त गोष्टी आणि गाणी आणायची. व्हॉलंटियरचा फॉर्म आणि बॅकग्राउंड चेक असतो, घाबरायचं कारण नाही, पण व्हिसाच्या बाबतीत मनात शंका असेल तर आधी विचारून घे. महिन्यातून एक शनिवार सकाळ मागितली तरी पुष्कळ. मराठी मंडळाच्या शाळा असतात पण तिथे मुलं थोडी मोठी झाल्यावर जातात, त्याच्या आधीच्या वयाला आपल्याकडे काहीच नसतं. आणि सासूबाई इथे आहेत तोवर पहिला करता आला तर बघच, चिऊकाऊची गोष्ट त्यांच्या तोंडून ऐकायला समोर बसलेल्या तरुण आयांनाही आवडेल. मुलं पळतील. पळू देत.

पुस्तकाचं पान. अगं, आमच्याकडे रोज येतात अशी पुस्तकं, चावलेली, भिजलेली, वरणाचे डाग पडलेली. लहान मुलांच्या विभागातलं पुस्तक वापरून वापरून संपणार हे आम्ही धरलेलंच असतं. बऱ्याच लायब्रऱ्यांनी तर उशिराचा दंडही बंद केलाय, शिकागो पब्लिक लायब्ररीने २०१९ मधे केला. फाटलेल्याचं वेगळं असतं, कधी पुस्तकाची किंमत भरावी लागते, पण एका पानासाठी बहुतेक वेळा कुणी काही म्हणत नाही. फक्त घरी सेलोटेप लावू नकोस, ती पिवळी पडते आणि कागद आणखी खराब करते, आमच्याकडे दुरुस्तीची वेगळी टेप असते. सुटलेला तुकडा पुस्तकात ठेव, ड्रॉप बॉक्समधे न टाकता डेस्कवर दे आणि सांग की हे पान फाटलंय. पुढच्या सेशनचं नावही तिथेच नोंदवून ये.